शांत रस्त्याचं पंचांग

जावईबापूंचा फ्रान्समधल्या तुलूझहून फोन आला. सप्टेंबरात येतोय, सायकल चालवायची इच्छा आहे, तुमच्याकडं एखादा शांत रस्ता आहे का? मी म्हणालो, "आहे की! एक काय, चार आहेत." जावयाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. फोन ठेवला आणि मग आठवत बसलो, की हे चार रस्ते नेमके कुठले.

आमचं गाव वढू बुद्रुक. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथं आहे, त्यामुळं गावाची ओळख करून द्यायची गरज पडत नाही. फक्त 'बुद्रुक'चा अर्थ सांगावा लागतो. फारसीतला 'बुजुर्ग', म्हणजे मोठा, तो आपल्याकडं येऊन बुद्रुक झाला. धाकटं वढू खुर्द भीमेपलीकडं, हवेली तालुक्यात. मी जन्मानं बुद्रुक होतोच, आता निवृत्त होऊन वयानंही झालो.

गावातून एक रस्ता कोरेगाव भीमाला नगर रस्त्याला मिळतो. नगर रस्त्यावर पोचलेल्या सायकलवाल्यानं कडेला उभं राहायचं आणि थोड्या वेळानं पलीकडं जायची इच्छा सोडून द्यायची. दुसरा रस्ता वाजेवाडीवरून चौफुल्याला जातो आणि चाकण-शिक्रापूर रस्त्याला भिडतो. तिथून नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबच लांब कंटेनर जातात. एकावर सात-आठ मोटारी, आणि त्यातली एकही स्वतःच्या पायावर चालत नाही. सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या वेगळ्याच. उरलेले दोन रस्ते, खरं सांगायचं तर, मी फोनवर वाढवून सांगितले होते.

पण जावईबापूंच्या डोक्यात शांत रस्ता म्हणजे काय आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वतः त्यावर सायकल चालवून आलो होतो.

आम्ही उभयतां लेकीकडं गेलो होतो तेव्हाची गोष्ट. व्हिसा नव्वद दिवसांचा. पहिल्या आठवड्यात घरातलं सगळं बघून झालं, दुसऱ्या आठवड्यात मी नळ दुरुस्त करायला काढले, तेव्हा लेकीनं घाबरून माझ्या हातात सायकल दिली. एकवीस गिअरची. मला आयुष्यभर दोनच गिअर माहीत: एक बसून चालवायचा आणि चढ आला की उतरून ढकलायचा. माझी सायकल चोवीस इंची अ‍ॅटलास, शिक्षक सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली. त्याआधी वडिलांच्या सायकलीवर नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलनं शिकलो होतो. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. एखाद्याच्या घरी बारशाच्याच दिवशी सुतक यावं, तसं झालं.

तर तुलूझ. लेकीच्या घराजवळून 'कनाल द्यु मिदी' नावाचा कालवा जातो. २४० किलोमीटर लांब, तुलूझपासून पार भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसानं खणून घेतला. तो मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी, इंजिनिअर नव्हेच. कालव्याचा राजाचा हुकूम निघाला १६६६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्या साली. पाणी सुटलं १६८१ मध्ये, म्हणजे शंभूराजांचा राज्याभिषेक झाला त्या साली. रिके त्याच्या आदल्या वर्षी वारला. हे हिशेब मी कालव्याच्या काठी बसून बोटांवर केले. वढूचा माणूस कुठल्याही कालव्यावर गेला तरी सनावळी अशीच लावणार.

त्या काठानं पूर्वी घोडे होड्या ओढत चालायचे. आता ती वाट सायकलींना दिली आहे. दोन्हीकडं प्लेन नावाची झाडं, आपल्या वडासारखी पसरलेली नाहीत, पण उंच आणि वर एकमेकांत मिसळलेली. २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागला आणि हजारोंनी तोडावी लागली, नवी लावताहेत. जावई हे हळहळून सांगत होते. मी म्हणालो, आमच्याकडंही मोठ्या रस्त्याकडेच्या वडांना रोग लागला होता, रुंदीकरणाचा. त्यावर औषध निघालेलं नाही.

कालवा सपाट, त्यामुळं चार दिवसांत कंटाळा आला. मग जावयांनी मला लोरागे भागातल्या गावरस्त्यांवर सोडलं. तिथले मैलाचे दगड पांढरे आणि डोक्यावर पिवळे. पिवळं डोकं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, लाल डोकं म्हणजे राष्ट्रीय. आपल्याकडं पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाला, हिरवं राज्य मार्गाला आणि नारिंगी ग्रामसडकेला. त्यामुळं पहिले दोन दिवस पिवळा दगड दिसला की मी आपोआप ब्रेक दाबून मागं बघायचो, ट्रक येतोय का. मागं नुसती सूर्यफुलं.

रस्ता म्हणजे कसा? एक मोटार जाईल एवढा. खड्डा नाही, गतिरोधक नाही, साइडपट्टीला मुरूम नाही, थेट गवत. चढावर गाव, उतारावर सूर्यफूल, पुन्हा चढावर गाव. गावाच्या तोंडाशी लाल चौकटीतली नावाची पाटी आणि गाव संपलं की तीच पाटी, नावावर तिरकी लाल रेघ मारलेली. मास्तर असल्यामुळं मला ती रेघ फार ओळखीची वाटली. अख्खं गाव चुकलं म्हणून कुणीतरी काट मारली आहे.

एकदा मागून मोटार आली. मी सवयीप्रमाणे सायकल गवतात घातली आणि एक पाय टेकून उभा राहिलो, जा बाबा पुढं. मोटारही थांबली. मी हात केला. त्यानं आतून हात केला. तिथला कायदा असा, की गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, आणि नसेल जागा तर मागं मागं यायचं. बिचारा अंतर सोडायला तयार होता, पण सायकलवालाच रस्त्यावर नाही म्हटल्यावर अंतर सोडायचं कुणापासून? आम्ही एकमेकांना 'आपण आधी' करत लग्नातल्या व्याह्यांसारखे किती वेळ थांबलो असू कोण जाणे. शेवटी मी रस्त्यावर चढलो, पायडल मारलं, तेव्हा तो समाधानानं मला ओलांडून गेला.

दुपारी बारा ते दोन गाव बंद. पावाचं दुकान बंद, पोस्ट बंद, ग्रामपंचायत बंद. खिडक्यांची लाकडी दारं लावलेली आणि आतून काट्याचमच्यांचा आवाज. चर्चसमोर एक दगड, त्यावर १९१४ ते १९१८ च्या लढाईत गेलेल्या गावच्या पोरांची नावं. पाच-पन्नास घरांचं गाव आणि नावं वीस-पंचवीस. असा दगड त्या देशात गावोगाव आहे. एकाच आडनावाची तीन नावं एकाखाली एक दिसली की मी तिथून सायकल हातात धरून चालत पुढं जायचो. बसून डबा खायला दुसरी सावली बघायची.

पाण्याची बाटली संपली की काय करायचं, हे जावयांनी आधीच सांगून ठेवलं होतं: स्मशानात जायचं. तिथं थडग्यांवरच्या फुलांना घालायला नळ असतो, आणि फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा हा जुना पाणवठा. मी गेलो. फाटक ढकललं, बाटली भरली, गार पाणी प्यालो आणि संध्याकाळी उत्साहानं हे घरी सांगितलं. सौभाग्यवतींनी हातातली पळी तशीच धरून मला आपादमस्तक पाहिलं. "स्मशानातलं पाणी? आणि तसेच घरात आलात? आधी अंघोळीला चला." फ्रान्समध्ये त्या तीन महिन्यांत माझ्याइतक्या अंघोळी कुणी केल्या नसतील.

तिथं एक गंमत कळली. टायर करणारी मिशलँ कंपनी रस्त्यांचे नकाशेही काढते. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे, बारके पांढरे, आणि ज्या रस्त्यावरून बघण्यासारखं काही दिसतं त्याला कडेनं हिरवी रेघ. म्हणजे शांत आणि सुंदर रस्ता बोटानं दाखवता येतो. टायरवाल्यानं नकाशे काढावेत यात धंदा आहेच. तुम्ही हिंडाल तर टायर झिजेल. पण हिरवी रेघ मारणाऱ्याच्या मनात तेवढंच असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं डोळ्यांसमोर आणून मी शिरूर तालुक्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि हिरवी पेन्सिल घेऊन बसलो. तासाभरानंही पेन्सिलीचं टोक शाबूत होतं.

कारण आमच्याकडचा कुठलाही रस्ता शांत आहे आणि कुठलाही नाही. वाजेवाडीचाच रस्ता घ्या. सकाळी पावणेसहाला तिथं माझ्या मडगार्डाचा खुळखुळाट तेवढा असतो. साडेसहाला पहिल्या पाळीच्या बस, सातला दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, साडेसातला शाळेची व्हॅन. साडेनऊ ते साडेअकरा पुन्हा असा शुकशुकाट, की रस्त्यावर वाळत घातलेल्या बाजरीवर चिमण्या निवांत असतात. रस्ता तोच, डांबर तेच. शांत आहे की नाही हे नकाशाला कसं कळणार?

म्हणून मी नकाशाची घडी घातली आणि भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं.

पेन्सिल आता भराभर चालायला लागली. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत काट: उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, उसाची टिपरं बाहेर आलेली, आणि गाणी इतकी मोठ्यानं, की मागून कोण वाजवतंय ते ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्यच नाही. १ जानेवारीला काट: पेरणे गावच्या जयस्तंभाला येणारा जनसागर, त्या दिवशी नगर रस्त्याची वाहतूकच दुसरीकडून वळवतात. फाल्गुन अमावास्येला काट: शंभूराजांची पुण्यतिथी, त्या दिवशी गावात पायी येणाऱ्यांचा मान, सायकल घरी. चैत्र-वैशाख लग्नसराई. प्रत्येक चतुर्थीला नगर रस्त्याच्या बाजूचं नाव काढायचं नाही, गाड्या रांजणगावच्या गणपतीला निघालेल्या. ज्येष्ठ-आषाढात रस्ता शांत, पण कुठल्या खड्ड्यात किती पाणी हे त्या खड्ड्यालाच माहीत. श्रावण बरा. भाद्रपदातले गणपतीचे दिवस, राम राम.

आणि मग माझी पेन्सिल भाद्रपद वद्य पक्षावर येऊन थांबली. पितृपंधरवडा!

या पंधरा दिवसांत लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. कुणी नवा ट्रॅक्टर आणत नाही, नवी मोटारसायकल काढून गावभर फिरवत नाही. मिरवणूक नाही. ऊस अजून उभा आहे. पाऊस सरत आलेला, बाजरी कणसात, हवा धुतलेली. वर्षातले सगळ्यांत शांत रस्ते पितरांनी आपल्यासाठी राखून ठेवले आहेत, आणि आपण त्या पंधरवड्याला अशुभ म्हणतो. तिकडं पाणी पितरांच्या नळावर, इकडं रस्ता पितरांच्या पक्षात. जावयांना कळवलं, पितृपंधरवड्यात या. त्यांना ते तारखेत करून हवं होतं. करून दिलं.

आले. स्वतःची सायकल पेटीत भरून आणली होती, ती पडवीत बसून जोडली. एका बोटानं उचलता येईल अशी. तिला कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. शेजारच्या म्हाताऱ्यांनी चारी बाजूंनी पाहून विचारलं, "बाकीचं सामान मागनं येतंय व्हय?" आणि जावई अंगाला घट्ट बसणारे सायकलचे कपडे घालून बाहेर आले, तेव्हा म्हातारे हळूच मला म्हणाले, "गुरुजी, पाव्हण्यांची कापडं धुण्यात आटली वाटतं."

सहाच्या आत निघालो. बेत असा: वाजेवाडीवरून चौफुला, पाळीच्या बस यायच्या आत चाकणचा रस्ता ओलांडायचा, मग करंदी, केंदूर आणि पाबळ. पंचवीसेक किलोमीटर. जावई पुढं जायचे, थांबायचे, मी पोचलो की पुन्हा पुढं. मध्येच त्यांनी सांगितलं, की ते 'ब्रेव्हे'ची तयारी करताहेत. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. १८९१ पासूनची परंपरा, हल्ली चार वर्षांतून एकदा. आधी दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या पात्रता फेऱ्या; दोनशेला साडेतेरा तास. पुण्यातूनही पुष्कळ जण हे करतात आणि तिकडं जाऊनही येतात, हे मला ठाऊक होतं. पहाटे नगर रस्त्याला लाल दिवे लुकलुकवत जाणारी ही मंडळी मी पाहिली आहेत. आपण इथवर आलो याचा पुरावा म्हणून ती चहाच्या टपरीवर पावती मागतात. टपरीवाला आधी घाबरतो, त्याला वाटतं जीएसटीवाले आले. पॅरिस-ब्रेस्टच्या वाटेवर म्हणे गावकरी रात्रभर टेबलं मांडून बसतात, कॉफी देतात, क्रेप नावाची गोड घावनं देतात, आणि पैसे विचारले तर एक जण म्हणतो, घरी पोचलात की तुमच्या गावाहून पत्र टाका. हे ऐकल्यावर मात्र मला बाराशे किलोमीटर तितके लांब वाटेनात.

रस्ता खरोखर शांत होता. चौफुला ओलांडला आणि पाठीमागचा सगळा घरघराट एखाद्या दारामागं गेल्यासारखा बंद झाला. पुढं ग्रामसडकेचा नारिंगी डोक्याचा दगड. जावई त्याच्यापाशी थांबले, फोटो काढला. मग कांद्याची रोपं, मग बाजरी, मग उघडी माळरानं. वस्तीवरची दोन कुत्री धावून आली. जावयांच्या सायकलीत आवाज नसल्यामुळं ती गोंधळली आणि माझ्या खुळखुळणाऱ्या मडगार्डावर तुटून पडली. ते त्यांच्या ओळखीचं होतं.

फक्त एक होतं, वाटेत भेटणारी माणसं बोलायची. लोरागेत तीन महिन्यांत मला जितके प्रश्न कुणी विचारले नाहीत तितके करंदीपर्यंत झाले. "कुठं निघालाय?" "पाबळला." "एष्टी नाही भेटली?" पुढं एक जण म्हणाला, "गाडी इकली का काय गुरुजी?" त्याच्या पुढं एक माझा जुना विद्यार्थी, आता सरपंच होऊन गेलेला, फार हळव्या आवाजात म्हणाला, "शुगर निघाली का सर?" सायकल हे आमच्याकडं एक तर गरिबीचं लक्षण असतं नाही तर मधुमेहाचं. तिसरं कारण सांगितलं तर लोक घरी फोन करून खात्री करतात.

पाबळला चहा घेतला. जावयांना मस्तानीची कबर दाखवली, विज्ञान आश्रम बाहेरून दाखवला. श्रीनाथ कलबाग नावाच्या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये शहर सोडून या दुष्काळी माळावर येऊन ही शाळा काढली, पोरांनी हातानं काम करत विज्ञान शिकावं म्हणून. मी मास्तर असताना पोरांना घेऊन इथं आलो होतो. पोरांचा हात यंत्रावरून निघत नव्हता आणि परतीची एसटी चुकली होती.

परतताना केंदूरजवळ ऊन चढलं. वेळ नदीच्या पुलावर थांबलो. जावयांनी मनगटावरचं यंत्र पाहून विचारलं, "या नदीचं नाव काय?"

"वेळ."

"बारा दहा. पण नदीचं नाव काय?"

हे आणखी दोनदा झालं. मग दोघंही हसत सुटलो. बाटल्या रिकाम्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानाचं शटर खाली, पारावर कुणी नाही. जावई खुशीत म्हणाले, "बाबा, अगदी तिकडच्यासारखं! बारा ते दोन बंद." आणि त्यांनी सवयीनं विचारलं, "इथं स्मशान कुठं आहे?"

नेमका हा प्रश्न तिथल्या घरातून बाहेर आलेल्या एका माउलीनं ऐकला. पंधरवड्याचे दिवस, अनोळखी माणूस आटल्या कपड्यात दारापुढं उभा राहून स्मशान विचारतोय. तिनं कपाळाला हात लावला आणि आत वळून हाक मारली, "अहो, बघा बरं, कोण आलंय!"

गाव बंद नव्हतं. गाव पंगतीला बसलं होतं. त्या घरी पित्राचं जेवण होतं, त्याच्या शेजारी होतं, आणि पलीकडच्या आळीतही. यजमानांनी माझं नाव-गाव विचारलं, वढूतल्या त्यांच्या मेहुण्यांची ओळख निघाली, मग मी त्यांच्या कुठल्या भाच्याला शिकवल्याचं निघालं, आणि मग आम्हाला सोडणं कुणाच्या हातात राहिलं नाही. जावई चाकावर बसायच्या चड्डीत पाटावर बसले. खीर, कढी, वडे, भजी, गवार, भोपळा, आमटी-भात. वाढणारा प्रत्येक जण पुन्हा येत होता. जावयांनी तिसरा वडा नको म्हणून हात आडवा धरला, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "खा पाव्हणं. आमच्या म्हाताऱ्याला लई आवडायचा." यावर नाही कसं म्हणणार? खाल्ला. आणि चौथाही.

बाराशे किलोमीटरची तयारी करणारा तो माणूस अडीच वाजता ओट्यावरून उठेना. मीही काही फार वेगळ्या अवस्थेत नव्हतो. शेवटी यजमानांनी शेजारच्यांचं पिकअप बोलावलं. कांद्याच्या रिकाम्या गोणपाटांवर दोन्ही सायकली आडव्या टाकल्या, माझी खाली आणि त्यांची वर, आणि आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलो. मांडीवर खिरीचा डबा होता, घरी न्यायला.

चौफुला जवळ आला. कंटेनरची रांग लागलेली. जावयांनी अर्धवट मिटलेले डोळे उघडले.

"बाबा, उद्या तिथी कुठली?"

"सप्तमी. का हो?"

"नाही, उद्या कुठल्या गावावरून जायचं ते ठरवायला."